टाकलेलं पान

५ मार्च

आई,

नमस्कार. मायना मुद्दामच एवढा आखूड ठेवलाय. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पत्रातल्या चुका तुम्ही लाल पेनानं दुरुस्त करून ते पत्र परत पाठवलं होतंत, ती धास्ती अजून गेलेली नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ते तुम्ही मान्यही करत नाही. मागच्या वेळी मी भाजीचं विचारलं आणि तुम्ही भाच्याची खुशाली सांगितलीत.

सोबतच्या पाकिटात पत्ते आहेत, आणि माझं एक काम आहे. आमच्या कंपनीत व्हिडिओ गेम बनतात आणि ते खेळून नावं ठेवायचा मला पगार मिळतो, असं तुम्ही मैत्रिणींना सांगता ते खरंच आहे. सध्याच्या खेळात एक पडकी, उंच इमारत आहे. आपण निवडलेल्या पात्रानं तळमजल्यापासून वर चढत जायचं आणि वाटेत अंगावर येणाऱ्यांशी लढायचं. हत्यार मात्र नाही, पत्ते आहेत. हातात जी पानं येतील तेवढंच करता येतं. वर जाल तशी नवी पानं मिळतात, नको असलेली काढता येतात. पण निघताना प्रत्येक पात्राजवळ ठरलेली दहाच पानं असतात. त्या दहांना आम्ही आपसांत शिदोरी म्हणतो. ती पुरेशी आहे का, हे तपासायचं काम माझं.

नवं पात्र आहे ‘सिस्टर’. म्हणजे नर्स. तिच्या शिदोरीत चार ‘ढकल’, तीन ‘चुकव’, दोन ‘टाका’ (जखमेला घालतात तो) आणि एक ‘थांबा’. आमच्या आठ खेळाडूंनी तिला खेळून पाहिलं, आठही जण तिसऱ्या मजल्यावर गारद. सगळ्यांची तक्रार त्या ‘थांबा’वर. ते खेळलं की सगळेच थांबतात, सिस्टरसुद्धा. मग उपयोग काय? हातात तीन पानं येतात, म्हणजे दर तीन-चार हातांत एकदा हे फालतू पान समोर येऊन बसणार. पहिली संधी मिळताच सगळे ते काढून टाकतात.

१० एप्रिलला बैठक आहे. तोवर निदान निम्मे लोक पाचव्या मजल्यावर पोचले नाहीत तर सिस्टर या खेळातून जाईल. मला तसं होऊ द्यायचं नाही. तुम्ही एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होतात आणि रोज चार वाजता तुमचा चौघींचा पत्त्यांचा अड्डा बसतो. याहून लायक माणूस मला कुठून मिळणार? पडद्यावर पळापळ असते, तिच्याऐवजी मजले आखलेली कागदाची पट्टी आणि तिच्यावर सरकवायला शर्टाचं बटण दिलंय. नियम वेगळ्या कागदावर आहेत.

तुमचा जावई


१२ मार्च

जावईबापू,

पाकीट पोचलं. पानं इतकी पातळ आहेत की पिसताना चार-चार एकत्र येतात. मायना आखूड ठेवलात ते बरं केलंत, तरी ‘लायक’ हा शब्द सासूला वापरताना माणसानं जरा विचार करावा.

पहिल्यांदा खेळले, पाचवा मजला. दुसऱ्यांदा सातवा. तिसऱ्यांदाही सातवा, आणि तेव्हा दाराची घंटा वाजली म्हणून उठले. तुमचे ते आठ जण खेळताना डुलक्या काढतात का? यात अवघड काय आहे ते मला कळलेलं नाही. आमच्यातल्या कंपाउंडरीणबाईंना बसवलं, त्या सहाव्यावर गेल्या, आणि त्यांना तर पत्त्यात जोकरही ओळखू येत नाही.

आता नावं ठेवते, फुकटात. ‘ढकल’ हे काय? सिस्टर कुणाला ढकलत नाही. बाजूला सरा म्हणते आणि लोक सरतात. ‘टाका’ ठीक. ‘थांबा’ला जो फालतू म्हणेल त्याला मी माझ्या थिएटरच्या दारातही उभं केलं नसतं. रक्त टिपायला कापडाच्या घड्या असतात, त्यांना आम्ही मॉप म्हणायचो. पोटात जितके गेले तितके बाहेर आले पाहिजेत. दोघींनी मोजायचे, आकडा जुळला की मगच सर्जननं पोट शिवायचं. जुळला नाही तर सिस्टर म्हणते, थांबा. मग तो कितीही मोठा सर्जन असो, हात वर धरून उभा राहतो. एकतीस वर्षांत मी हे तीनदा म्हटलंय. पानावर लिहिलंय, ‘सगळे थांबतात. सिस्टर पुन्हा मोजते.’ हे ज्यानं लिहिलं त्याला माहिती आहे.

चित्रंही ज्यानं काढलीत त्याला माहिती आहे. सिस्टरचं घड्याळ छातीवर उलटं लटकवलंय, खाली पाहिलं की तिला स्वतःला सुलटं दिसेल असं. बाहेरच्या माणसाला हे सुचत नाही. कोण आहे हा?

खारू कशी आहे? मी विचारलं असं सांगू नका. किंवा सांगा. तुम्हाला ठीक वाटेल ते करा.

आई


१७ मार्च

आई,

सातवा मजला! मी पत्र ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं (तुमच्या ‘डुलक्या’ही न वगळता). आमच्यातला सगळ्यात तरबेज खेळाडू सकाळपासून माझ्याशी बोलत नाही. कृपा करून एक खेळ पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लिहून पाठवा. कुठलं पान कधी खेळलात, सगळं. तुम्ही काहीतरी वेगळं करताय आणि ते मला पकडायचंय.

चित्रं आमच्या एका सहकाऱ्यानं काढलीत. हुशार आहे. तुमचं कौतुक पोचवलं.

खारू बरी आहे. तिलाही सध्या कामाचा ताण आहे, म्हणून पत्र नाही. तुम्ही विचारलंत ते मी सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली.

तुमचा जावई


२२ मार्च

जावईबापू,

खेळ लिहून पाठवतेय, चार पानं भरली. बोटं दुखली, पण तुमच्या त्या तरबेज माणसाचं तोंड डोळ्यांसमोर आणलं आणि लिहिलं.

वेगळं मी काहीच केलेलं नाही. तुमचाच कागद समोर ठेवला होता. आठ सेकंदांत दोन पानं खेळायची. मग समोरच्याचा वार होतो आणि हात संपतो. ‘हात संपला की उरलेलं पान टाका.’ मी टाकते. बहुतेक वेळा ‘थांबा’ शेवटासाठीच राखून ठेवते. समोरच्यानं वार करून घेतला, त्याचा जोर ओसरला, की मी ‘थांबा’ टाकते. माझा हात तसाही संपलेला असतो, आणि तो थांबलेला असतानाच माझा पुढचा हात सुरू होतो. आधीच टाकलं तर माझीही आठ सेकंदं वाया जातात, हे तुमच्या आठांना कळू नये? उतारी कधी करायची हे न कळणाऱ्या माणसाबरोबर मी पत्ते खेळत नाही.

आता दुसरं. मी म्हातारी झालेय, बावळट झालेले नाही. तुमचा हा हुशार सहकारी कोण, ते मी काल भिंग घेऊन बसले तेव्हा कळलं. सिस्टरच्या डाव्या भुवईत आडवा व्रण आहे. माझ्याही आहे. कपाटाचं दार लागून झालेला, तीन टाके. तो व्रण लहानपणी मांडीवर बसून बोटानं चाचपायची सवय जगात एकाच व्यक्तीला होती, आणि ती व्यक्ती पेन्सिलींचे तुकडे गालात साठवायची म्हणून तिला आम्ही खारू म्हणायला लागलो.

‘थांबा’वरचं ते वाक्यही तिचंच ना? खरं लिहा.

आई


२७ मार्च

आई,

खरं लिहितो, पण आधी तुमची चूक सांगतो, कारण ती फार मोलाची निघाली.

‘उरलेलं पान टाका’ म्हणजे फेकून द्या. बाजूच्या ढिगात, न वापरता. तुम्ही ते टाकलंत, म्हणजे पत्त्यात पान टाकतात तसं, खेळलात. नियम लिहिताना मला हे सुचलंच नाही, कारण मी पत्त्यांपेक्षा कचरा जास्त टाकतो. म्हणजे आमचे लोक दर हाताला दोन पानं खेळत होते आणि तुम्ही तीन, आणि तिसरं सगळ्यांच्या शेवटी. मी हसत सुटलो. मग आठही जणांना तुमच्या चुकीच्या नियमानं खेळायला बसवलं. सहा जण पाचव्या मजल्यावर पोचले. बाकीच्या पात्रांना हा नियम दिला तर ती भलतीच दांडगी होतात, ते करून पाहिलं. सिस्टरच्या पानांत मात्र मुळात जोर नाही, तिला हा नियम अंगच्या कपड्यासारखा बसतो. शिदोरी कमी नव्हती. तिच्यातलं एक पान आम्ही दर वेळी फेकत होतो.

आता खरं. हो, सिस्टर खारूची आहे. चित्रं, पानं, वाक्यं, सगळं. तिला स्वतंत्रपणे मिळालेलं हे पहिलंच पात्र. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, ती मी आज मोडतोय. तुमचा खेळ आणि सहा जणांचा निकाल मी उड्या मारत तिला सांगितला, तर म्हणाली, “नियम बदलू नकोस. ‘थांबा’ काढून टाक आणि त्या जागी एक ‘ढकल’ घाल.” त्यानंही काम भागेल, तशी पाचव्यापर्यंत मजल जाते, पण मग ती सिस्टर राहत नाही, कुणीही होते. मी कारण विचारलं. पाच वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ती त्या दिवसाबद्दल बोलली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुमच्याच थिएटरमध्ये तिची मोजणी चुकली, तुम्ही ऑपरेशन थांबवलंत, आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “हिच्या हाताला गुण नाही.” तीन आठवड्यांनी तिनं ट्रेनिंग सोडलं. “ते पान आईच्या बरोबर असण्याचं आहे आणि माझ्या चुकण्याचं,” म्हणाली. “बैठकीत सगळ्यांसमोर त्याची बाजू मांडायची ताकद माझ्यात नाही.”

मी तपासनीस आहे, पण पात्र तिचं आहे. तिनं काढायचं ठरवलं तर मी अडवू शकत नाही. तुम्ही तिला काही लिहाल का? बैठक दहालाच आहे.

तुमचा जावई


१ एप्रिल

जावईबापू,

आतलं बंद पाकीट खारूचं आहे. तिच्या हातात द्या. तुम्ही उघडू नका. उघडलंत तरी मला कळणार नाही, पण उघडू नका.

शपथ मोडलीत ते चांगलं केलंत. याआधी तुमच्याबद्दल माझं मत एवढं बरं नव्हतं.

आई


१ एप्रिल

खारू,

तुझी मोजणी बरोबर होती.

हे पहिल्या ओळीत लिहिलं, कारण खाली लिहायचं ठरवलं असतं तर तिथपर्यंत पोचेस्तोवर माझा धीर सुटला असता.

तू वीस म्हणालीस, मी एकोणीस. मी ‘थांबा’ म्हटलं. बावीस मिनिटं आपण शोधत होतो, पेशंट टेबलावर तसाच. शेवटी तिथंच एक्स-रे काढला, आत काही नव्हतं, मग सर्जननी पोट शिवलं. त्या बावीस मिनिटांत कधीतरी मी तुझ्या हाताबद्दल ते बोलले. आपली मुलगी म्हणून सांभाळून घेते असं कुणी म्हणू नये, म्हणून जास्तच मोठ्यानं बोलले.

तू गेल्यावर मी वापरलेले मॉप सिंकपाशी एकेक करून उलगडले. दोन एकमेकांना चिकटलेले होते. मी त्यांना एक मोजलं होतं. वीसच होते.

तेव्हाच तुझ्या होस्टेलवर यायला हवं होतं. जिना उतरून रस्ता ओलांडला की होस्टेल, पाच मिनिटांचीही वाट नव्हती. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी थिएटरमध्ये पाऊल ठेवलं तर जो तो माझं कौतुक करत होता. एवढ्या मोठ्या सर्जनला बावीस मिनिटं उभं केलं, सिस्टर असावी तर अशी. मला ते गोड लागलं, खारू. दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड होतं, आठवड्यानं त्याहून अवघड. तू ट्रेनिंग सोडलंस तेव्हा मी स्वतःचीच समजूत घातली की हिला मुळात आवडच नव्हती. रिटायर झाल्यावर ट्रेनिंग स्कूल मला दर वर्षी नव्या बॅचसमोर बोलायला बोलावतं. मी तीच गोष्ट सांगते. ‘एका विद्यार्थिनीची मोजणी चुकली होती’ असं सांगते. आणि टाळ्या घेते.

‘थांबा’ म्हटलं ते बरोबरच होतं. आकडा जुळत नसेल तर थांबवायचंच असतं, मग चूक कुणाचीही असो. म्हणून ते पान काढू नकोस. त्यात तुझं चुकणं नाही आणि माझं बरोबर असणंही नाही. नंतर मी गप्प बसले, ती चूक माझी आणि बारा वर्षांची.

तुझ्या नवऱ्यानं मला टाकणे या शब्दाचे दोन अर्थ समजावून लिहिले. तिसरा त्यानं भिडेपोटी लिहिला नाही. पण मला तो येतो. मी तुला टाकलं.

माफ कर असं लिहायला पेन उचललं होतं. ते मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, म्हणून लिहीत नाही.

आई


१२ एप्रिल

आई,

पत्र मिळालं त्याला सात दिवस झाले. चार वेळा उत्तर लिहिलं, चारही फाडली. हे पाचवं, हे जसं आहे तसं पाठवणार.

मला वीसच आठवत होते. तुला कल्पना नाही. तेव्हापासून मी सगळं दोनदा मोजते. जिन्याच्या पायऱ्या, डब्यातले चमचे, कपड्यांचे चिमटे. नवरा हसतो, त्याला वाटतं सवय आहे. दर वेळी आकडा बरोबर येतो आणि दर वेळी मला वाटतं, त्या दिवशीही असाच आला होता, पण आई ‘नाही’ म्हणाली, म्हणजे नसेलच. मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुझ्यावर जास्त विश्वास ठेवला. मला तुझा राग आलाय. तू आयुष्यभर मला रागवत आलीस, आता माझी पाळी आहे आणि मी ती सहजासहजी सोडणार नाही.

आणि तरीही पहिली ओळ वाचून मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. दुःखानं नाही. हलकं वाटलं म्हणून. याचाही राग येतो.

परवा बैठक झाली. मी स्वतः बोलले. वरिष्ठांनी विचारलं, हे एक पान एवढं कशासाठी अडवून धरायचं? मी म्हटलं, कारण शहाण्या माणसाला आपलं काम मध्येच थांबवता आलं पाहिजे, आणि त्याची किंमत त्यालाही द्यावी लागली पाहिजे. सिस्टर राहिली, ‘थांबा’ राहिलं, तुझा चुकीचा नियमही राहिला. तू सांगितलंस म्हणून नाही. सहा जण पाचव्या मजल्यावर पोचले म्हणून. ‘ढकल’चं ‘बाजूला सरा’ केलंय, ते मात्र तू सांगितलंस म्हणून.

आता माझं म्हणणं ऐक. माझ्या बॅचची एक जण आता त्याच स्कूलमध्ये शिकवते. तिच्याकडून मला दर वर्षी कळत होतं की तू येऊन ती गोष्ट सांगून गेलीस. ज्या बाकांवर मी बसायचे त्याच बाकांवर बसून मुली ती ऐकतात. तेव्हा एकट्या मला सांगून भागणार नाही. जिथं सांगत आलीस तिथं जाऊन सांग. नाही जमलं तर तसं कळव, मी समजून घेईन. पण मग आपलं बोलणं पुढे कसं व्हायचं ते मला माहिती नाही.

खारू


३ मे

खारू,

आज जाऊन आले.

तुझं पत्र आल्यावर तीन दिवस काही सुचलं नाही. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा चीड आली. एकतीस वर्षांत कमावलेलं नाव एका तासात घालवून यायचं म्हणजे काय? चौथ्या दिवशी प्राचार्यबाईंना चिठ्ठी पाठवली की मला मागच्या वर्षीच्या बॅचशी पुन्हा बोलायचंय. त्यांना वाटलं, म्हातारीला मिरवायची हौस आली. लगेच हो म्हणाल्या.

बेचाळीस मुलं-मुली होती. तुझी ती मैत्रीण मागे भिंतीला टेकून उभी होती. मी सांगायला सुरुवात केली तशी मुलांनी मान डोलावली, त्यांनी ही गोष्ट मागच्याच वर्षी ऐकलेली होती. गोष्ट सिंकपाशी आल्यावर थांबले. पाणी प्यायले. मग दोन मॉप चिकटलेले होते ते सांगितलं. होस्टेलला गेले नाही, तेही. टाळ्या अर्थातच नाहीत. प्राचार्यबाई खाली मान घालून बसल्या होत्या, पुढच्या वर्षी बोलावतील असं वाटत नाही. मला त्याचं वाईट वाटेल असं वाटलं होतं, आणि वाटलं. पण सोसण्यासारखं आहे.

पुढच्या रांगेतल्या एकीनं हात वर केला. चुणचुणीत पोरगी. म्हणाली, “मॅडम, त्या विद्यार्थिनीला काही नाव असेल ना?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही सांगितलं नव्हतं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, हजेरीत असायचं तसं, लग्नाआधीच्या आडनावासकट. ते आडनाव फळ्यावर माझ्या नावापुढेही लिहिलेलं होतं. मुलं एकदा फळ्याकडे बघायची, एकदा माझ्याकडे. कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

मग मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “त्या आता कुठल्या हॉस्पिटलमध्ये असतात?”

मी म्हटलं, कुठल्याच नाही. ती चित्रं काढते. तिची मोजणी बरोबर होती.

आई